साधं पाणी मागितलं तर बाटली फोडून ठेवली

जूनमध्ये आम्ही आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना घेऊन लंडनला बहिणीकडं गेलो होतो. तिथं एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये आप्पांचा 76 वा वाढदिवस करायला गेलो, त्याबद्दल लिहायलोय. हॉटेलचं नाव टाकत नाही, कारण बहिणीनं तिथल्या कौन्सिलकडं, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या ऑफिसकडं, तक्रार दिलीय आणि ती अजून चालू आहे. पण काय झालं ते लिहितो, कारण आपल्या सोलापूरची कितीतरी पोरं आता तिकडं आहेत, आईवडील चार-सहा महिने पोरांकडं जातात आणि जीभ कंटाळली की अशाच हॉटेलात जेवायला नेतात.

आप्पांनी आख्खं आयुष्य यंत्रमागावर काढलं, टॉवेलच्या कारखान्यात. विमानात बसायची ही पहिलीच वेळ. पंधरा दिवस घरातलंच जेवण झालं, आम्ही नेलेली कडक भाकरी संपली, ज्वारीचं पीठ संपत आलं, म्हणून दाजी म्हणले वाढदिवसाला बाहेर जाऊ, आपलंच इंडियन हॉटेल आहे, आप्पांना हिंदीत बोलता येईल, बरं वाटेल. आप्पा पण खुश, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सहालाच तयार होऊन बसले.

साडेसातचं बुकिंग, आम्ही दहा मिनिटं आधीच पोचलो. आत निम्मी टेबलं रिकामी होती पण एकावरचंही उष्टं काढलेलं नव्हतं. दोन मिनिटं थांबा म्हणले आणि पस्तीस मिनिटं दारात उभं केलं. बसायला एक बाकडं होतं त्यावर पार्सलच्या पिशव्या ठेवलेल्या, आप्पांचे गुडघे दुखतात म्हणून मी एक पिशवी जरा सरकवली तर काउंटरवरचा माणूस तिथनंच ओरडला. डिलिव्हरीवाली पोरं हेल्मेट घालून येत होती, पिशवी उचलून जात होती, आणि काउंटरचं सगळं लक्ष त्यांच्याकडं. मला राग आला तो ह्याचा की मोबाईलवरची ऑर्डर वेळेत जाते आणि समोर उभा असलेला म्हातारा माणूस दिसत नाही. ऑनलाइन धंदा करा की, कोण नको म्हणतंय, पण मग टेबलाचं बुकिंग घेऊ नका.

आप्पांनी आपलं त्यांच्या सवयीनं एका वेटरला विचारलं, "भैया, आप कहाँ के हो?" त्यानं ऐकलं, नक्की ऐकलं, आणि तसाच पुढं गेला. आप्पा परत कुणाशी बोलले नाहीत. एवढीशी गोष्ट आहे, पण माझ्या मनातनं ती अजून गेली नाही.

आता पाण्याचं सांगतो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसाआड येतं, पाण्याच्या दिवशी सुट्टी टाकणारी माणसं आहेत आपल्याकडं, रात्री दोनला पाणी सुटलं तर उठून पिंप भरणारी. आणि त्याच सोलापुरात सात रस्त्याला जावा, नव्या पेठेत जावा, कुठल्याही साध्या खानावळीत तुम्ही खुर्ची ओढायच्या आत पोरगं स्टीलचा जग आणि ग्लास आणून आदळतंय. कुणी नुसतं पाणी पिऊन उठलं तरी मालक काही बोलत नाही. उन्हाळ्यात 43-44 डिग्रीत तर दारात माठ असतो. आम्हाला पाणी ही मागायची गोष्टच वाटत नाही.

तिथं आप्पांनी पाणी मागितलं. मी पण सांगितलं, प्लेन वॉटर, टॅप वॉटर. वेटर आला आणि काचेच्या दोन बाटल्या फटाफट फोडून टेबलावर ठेवल्या. बहीण म्हणली आम्ही बाटली नाही मागितली, तर म्हणतो "वी डोन्ट सर्व्ह टॅप वॉटर." एका बाटलीचे साडेचार पाऊंड, दोनचे नऊ, आपले हजार रुपये झाले. आप्पांना कळल्यावर त्यांनी अर्धा ग्लास प्यायला आणि बाकीचं तसंच ठेवलं.

हे नियमातसुद्धा बसत नाही, म्हणून नीट सांगतो. इंग्लंडमध्ये ज्या हॉटेलला तिथं बसून दारू प्यायचं लायसन आहे त्यानं गिऱ्हाइकानं मागितल्यावर नळाचं प्यायचं पाणी फुकट द्यायलाच लागतं, 2010 पासून लायसनच्या अटीतच आहे ते. तिथल्या नळाचं पाणी थेट प्यायचंच असतं, बहिणीच्या घरी सगळे तसंच पितात. ह्या हॉटेलात तर बारच होता, बाटल्यांची रांग लावलेली.

पण खरं लिहायचंय ते पुढचं.

माझ्या भाच्याला, सहा वर्षाचा आहे, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. सोलापूरच्या घरातल्या पोराला शेंगा चालत नाहीत म्हणल्यावर आपल्या लोकांना खरंच वाटत नाही, आमच्याच घरात सुरुवातीला कुणाला वाटलं नव्हतं. तो दोन वर्षाचा असताना आम्ही पाठवलेल्या चिक्कीचा नखाएवढा तुकडा तोंडात गेला, ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि श्वास लागायला लागला, ॲम्ब्युलन्स बोलवायला लागली. चिक्की आमची होती हे आप्पा विसरलेले नाहीत. तेव्हापासनं बहिणीच्या पर्समध्ये कायम दोन एपिपेन, म्हणजे ॲलर्जीचा झटका आला तर लगेच टोचायची इंजेक्शनं, असतात. ह्या वेळी आमच्या बॅगेत सोलापूरनं निघताना पहिल्यांदाच शेंगा चटणी नव्हती, आप्पांनी स्वतः प्रत्येक पिशवी उघडून वास घेऊन बघितलेली.

तर बहिणीनं ऑर्डर द्यायच्या आधीच वेटरला स्पष्ट सांगितलं, पोराला पीनट ॲलर्जी आहे, कशाकशात आहे सांगा. तो म्हणला "नो नट्स, नो नट्स." तिनं परत विचारलं, नट्स नाही ओ, पीनट. कारण दोन्ही वेगळं आहे, शेंगा जमिनीखाली येतात, ते कडधान्याच्या घरातलं, काजू-बदाम झाडाचे, आणि तिथल्या कायद्यात ज्या 14 ॲलर्जनची माहिती हॉटेलनं द्यायलाच लागते त्यात पीनट वेगळं लिहिलंय आणि नट्स वेगळे, तीळ आणि मोहरी पण आहे त्यात. डिसेंबर 2014 पासनं आहे हे. वेटर आत जाऊन किचनला विचारून आला असता तर एक मिनिट लागलं असतं. गेला नाही. कशात काय आहे त्याचा लेखी चार्ट तिनं मागितला तर म्हणला फाईल मॅनेजरकडं आहे, ते येतील.

मॅनेजर यायच्या आधी पापड आले आणि त्याबरोबर तीन वाट्या, एक हिरवी चटणी, एक आंब्याची गोड, आणि एक फिकट तपकिरी रंगाची, वरनं कढीपत्त्याची फोडणी दिलेली. पोरानं पापड मोडून हातात घेतला होता. आप्पांनी त्याचा हात धरला आणि म्हणले थांब बाळा. मग करंगळीनं त्या तपकिरी चटणीचं थोडं बोट घेतलं, आधी अंगठ्यावर चोळून तेल सुटतंय का बघितलं, मग जिभेवर लावलं. "शेंगा हाय ह्यात. भाजून, सालासकट वाटलीय."

जन्मभर उखळात कुटलेली शेंगा चटणी खाल्लेला माणूस आहे, त्यांना कोण फसवणार. मी चाखली, बायकोनं चाखली, शंकाच नव्हती.

बहिणीनं आधी पोराचे हात पुसले, पापड बाजूला काढले आणि मॅनेजरला बोलवायला लावलं. मॅनेजर आला आणि काय म्हणावं, "मॅडम, ती चटणी मेनूवर नाही, ती कॉम्प्लिमेंटरी आहे." म्हणजे फुकट दिलेल्या चटणीनं पोराचा घसा सुजत नाही का? वर म्हणतो थोडंसंच असतं, टेस्टपुरतं. आवाज चढवला नाही त्यानं, पण सॉरी हा शब्द एकदाही तोंडातनं आला नाही. माझे हात थरथरत होते, दाजींनी मला खाली बसवलं.

आणि हे सगळं त्या देशात, जिथं ह्याच गोष्टीवरनं एक माणूस गेलाय. 2014 साली उत्तर यॉर्कशायरमध्ये पीनट ॲलर्जी असलेल्या एका गिऱ्हाइकानं इंडियन टेकअवेमधनं, म्हणजे पार्सलच्या हॉटेलातनं, करी नेली, नट्स नकोत म्हणून सांगून नेली. मालकानं पैसे वाचवायला बदामाच्या पावडरीऐवजी स्वस्तातलं शेंगदाणा असलेलं मिक्स वापरायला सुरू केलं होतं. तो माणूस वारला आणि 2016 मध्ये मालकाला सहा वर्षांची शिक्षा झाली. हॉटेल लाईनमधल्या कुणालाही तिकडं ही केस माहीत असणार. तरी वेटरला किचनपर्यंत जायचा कंटाळा.

तुम्ही म्हणाल उठून का नाही आलात. उठायलाच पाहिजे होतं. पण आप्पांचा वाढदिवस, साडेआठ वाजून गेलेले, पोराला घरनं आणलेला डबा दिला आणि आम्ही बसलो. काळी डाळ चांगली होती, हे खोटं कशाला बोलू, रात्रभर शिजवल्यासारखी दाट. तंदुरी रोटी पण गरम आली. भेंडी तेलात बुडालेली, बिर्याणी कोमट, आणि एक पनीरची डिश आम्ही मागितलेली नसताना आली ती परत नेली पण बिलात राहिली, ती नंतर कमी करून घेतली.

एक गोष्ट सांगायची राहिली. एक बारीकशी पोरगी होती वेटरमध्ये, वीस-बावीसची, शिकायला आलेली असावी, मोजून दोघंजण आख्खा हॉल सांभाळत होती त्यातली एक. मॅनेजर आत गेल्यावर तिनं बारच्या मागनं नळाच्या पाण्याचा काचेचा जग भरून आणला, आप्पांच्या समोर ठेवला, ग्लास भरला आणि हळूच म्हणली, "अंकल, लीजिए." आप्पांनी दोन ग्लास घटाघटा प्याले.

बिल झालं 121 पाऊंड पाण्यासकट, आणि त्यावर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज, 15 पाऊंड 13 पेन्स, आपोआप लावलेला. बहीण म्हणली हा काढा, तर काउंटरवाला म्हणतो कम्पल्सरी आहे. बिलाच्याच तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की हा ऐच्छिक आहे. ते बोट ठेवून दाखवलं तेव्हा वीस मिनिटं घालवून काढला. आपल्याकडंसुद्धा 2022 च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलंय की हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते कायम ठेवलं, तेव्हा इथं कुणी लावला तरी बिनधास्त काढायला सांगा.

पण चार्ज काढताना मला त्या पोरीचं वाईट वाटत होतं. दाजींनी सांगितलं की तिकडं 1 ऑक्टोबर 2024 पासनं कायदा आहे, टिप आणि सर्व्हिस चार्जचे सगळे पैसे कामगारांनाच द्यायला लागतात, मालकाला ठेवता येत नाहीत. म्हणजे चार्ज काढला की मार तिलाच बसणार. म्हणून दहा पाऊंडाची नोट आप्पांनी स्वतः तिच्या हातात दिली. ती नको नको म्हणत होती.

दारावर स्वच्छतेचं 5 चं हिरवं स्टिकर लावलेलं होतं, ते बघूनच दाजींनी हे हॉटेल निवडलं होतं. ते स्टिकर फक्त स्वच्छतेचं असतं, वागणुकीचं नाही आणि तुमच्या पोराच्या ॲलर्जीचं तर नाहीच नाही. कुणी जाणार असाल आणि घरात कुणाला ॲलर्जी असेल तर तोंडी उत्तरावर विश्वास ठेवू नका, लेखी चार्ट बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, आणि फुकट आलेल्या वाट्यांबद्दल वेगळं विचारा. पाणी मागताना "टॅप वॉटर" म्हणा आणि बाटली आणली तर फोडायच्या आत हात आडवा घाला.

माझ्याकडनं पाचपैकी एक, तो एक पण डाळीचा आणि त्या पोरीचा. हॉटेलला बहिणीनं ईमेल केला तर तुमचा अभिप्राय आम्हाला महत्त्वाचा आहे असं दोन ओळीचं उत्तर आलं, चटणीचा उल्लेखच नाही. कौन्सिलच्या फूड सेफ्टीवाल्यांनी मात्र फोन करून सगळं लिहून घेतलं.

आम्ही परत येऊन महिना झाला. आप्पा पारावर बसून लंडनचं सांगतात तेव्हा मॅनेजरचं काही सांगत नाहीत, त्या पोरीनं भरून आणलेल्या पाण्याच्या जगाचं सांगतात. तिचं नाव विचारायचं राहिलं, ह्याची चुटपुट लागलीय त्यांना.