भत्त्यावर जगणाऱ्यांसोबत नाटक: मुलाखती घ्याव्यात की फोरम करावं?

ब्रिटनमध्ये सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या माणसांना घेऊन नाटक करायचं ठरलं, की पहिल्याच बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो, मुलाखती घेऊ आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे नटांच्या तोंडी देऊ. दुसरा म्हणतो, त्यांनाच उभं करू, फोरम करू. मी दोन्ही प्रकारांनी काम केलंय. ज्यांचा निर्णय अजून व्हायचाय त्यांच्यासाठी दोन्हीकडचं लिहितो. पहिल्या प्रकाराला व्हर्बॅटिम म्हणतात. फोरम हा ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्टो बोआल यांचा प्रकार: ज्यांचा प्रश्न आहे तीच माणसं प्रसंग करतात, आणि प्रेक्षकांतला कुणीही उठून पात्राची जागा घेऊन तो वेगळ्या रीतीने करून पाहतो. याहून खोलात जात नाही.

आधी मुलाखतींबद्दल, कारण ती बाजू अजिबात लंगडी नाही. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या व्हिक्टोरिया थिएटरमध्ये पीटर चीझमन यांनी १९६० च्या दशकातच ध्वनिमुद्रित आठवणी आणि मूळ कागदपत्रं यांवर नाटकं उभी केली. मूळ शब्दांच्या बाहेर जायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. नीट केलेल्या अशा नाटकात एखादं अडखळलेलं वाक्यही प्रेक्षकाला हलवून जातं. तसं वाक्य कुठल्या लेखकाला सुचणं कठीण. शिवाय मुलाखत देणाऱ्याचा जेमतेम एक दुपारचा वेळ जातो. लहान मुलं असलेल्या, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसाला तेवढंच जमतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओळख झाकलेली राहते. पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट, म्हणजे लोक ज्याला नुसतं 'पिप' म्हणतात, तो अपंगत्वाचा भत्ता घेणाऱ्या माणसाला रंगमंचावर जाताना धडकी भरते. कुणी पाहिलं आणि 'ही बाई तर तासभर उभी होती' असं भत्ता देणाऱ्या खात्याला कळवलं तर? तिचा आजार दिवसागणिक बदलतो, आज उभं राहता आलं म्हणून उद्या येईलच असं नाही, हे कोण समजावत बसणार? ही भीती मी फार जवळून पाहिली आहे आणि तिला कमी लेखू नये असं मला वाटतं. तुमच्या गटातल्या बहुतेकांना ही भीती असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही, मुलाखतीच घ्या.

पैशाचा प्रश्नही फोरममध्ये जास्त अडतो. मुलाखतीचं मानधन एकदाचं आणि लहान असतं. फोरममध्ये माणसं आठवडेच्या आठवडे तालमीला येतात, प्रयोग करतात. ते काम आहे आणि कामाचे पैसे द्यायलाच हवेत. पण युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना किंवा बेकारांना मिळणाऱ्या मुख्य भत्त्यात, कमावलेल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स भत्ता कापला जातो. ठरावीक कमाईपर्यंत ही कपात न होण्याची सवलत फक्त मूल असलेल्यांना किंवा आजारपणामुळे काम करण्याची क्षमता मर्यादित आहे असं ठरलेल्यांना मिळते. बाकीच्यांना तुम्ही १०० पौंड दिलेत, तर त्यांच्या घरात खरी भर ४५ पौंडांचीच पडते. हिशेब महिन्याचा असतो, त्यामुळे सगळं मानधन शेवटी एकरकमी दिलं तर त्या महिन्याचा भत्ता शून्यावरही येऊ शकतो. म्हणून काम होईल तसे पैसे द्या, आणि करार करण्याआधी प्रत्येकाला सिटिझन्स अ‍ॅडव्हाइससारख्या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेतल्या सल्लागाराकडे बसवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या फेडरल थिएटर प्रोजेक्टमध्ये सुरुवातीच्या नियमानुसार दहातले नऊ जण सरकारी मदतीच्या यादीतले असायचे, आणि त्यांना पगार मिळायचा. ती बेकार झालेली रंगकर्मी मंडळी होती हे खरं, तरी मला तो दाखला नेहमी धीर देतो.

इथवर वाचून पारडं मुलाखतींकडे झुकलेलं वाटेल. माझंही बरेच दिवस तसंच होतं. ते फिरलं एका त्रासामुळे.

मुलाखती उतरवून काढताना काहीतरी सारखं खटकत होतं. एका बाईंना मी विचारलं होतं, तुमची सकाळ कशी जाते? त्या बोलल्या, मनापासून बोलल्या. पण कागदावर आल्यावर दिसलं की त्यांनी आधी स्वयंपाकाचं सांगितलं, मग खाण्याचं, मग औषधांचं, मग अंघोळ, मग संडास, मग कपडे. 'पिप'च्या अर्जात प्रश्न याच क्रमाने येतात. शेवटी त्या म्हणाल्या, २० मीटरच्या पुढे मला चालवत नाही. चालण्याबद्दल मी विचारलंच नव्हतं. पण २० मीटरच्या पुढे चालता येत असेल तर चालण्याच्या निकषावर वरचा दर मिळत नाही, आणि हा आकडा त्यांच्या अंगात भिनला होता.

मग बाकीची टिपणं पुन्हा वाचली. कमीअधिक फरकाने सगळीकडे तेच. सगळ्यात वाईट दिवस आधी सांगायचा, पुरावा जोडायचा, आपण खोटं बोलत नाही हे वाक्यावाक्याला पटवायचं. त्यात त्यांचा काही दोष नाही. टेबल, समोर अनोळखी माणूस, मध्ये रेकॉर्डर, सही करायला संमतीपत्र: ही मांडणी त्यांनी आधी भत्त्याच्या तपासणीत पाहिली होती, आणि तिथे त्यांचं पोट पणाला लागलेलं होतं. मी टेबल काढलं, चहा आणला, प्रश्न बदलले. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. माझ्यापेक्षा कुशल मुलाखतकाराला हे टाळता येत असेलही. मला मात्र त्यानंतर तो रेकॉर्डर लावणं जड जायला लागलं. ज्या माणसाला आयुष्यभर स्वतःची पडताळणी द्यावी लागते, त्याच्याकडून आणखी एक पडताळणी घेऊन आपण तिचं नाटक करायचं, हे मनाला पटेना.

फोरममध्ये खुर्ची बदलते. भत्त्यासाठी माणसाची तपासणी करणाऱ्या तपासनिसाची भूमिका कोण करणार असं विचारलं, की भांडण लागावं इतके हात वर येतात. आणि ती माणसं ती भूमिका अशी करतात की बघत राहावं. संगणकावरून नजर न हटवता विचारलेला 'आज इथवर कशा आलात?' हा प्रश्न वरवर साधी विचारपूस असतो; पण बसने एकटी आले म्हटलं तर त्याचीही नोंद होते. हे त्यांना पाठ आहे. किती वेळ गप्प राहायचं, कुठल्या शब्दानंतर टाइप करायला लागायचं, सगळं माहीत. इतके तपशील मला कुठल्याही मुलाखतीत मिळाले नव्हते.

व्यवहारातही एक सोय आहे. जॉबसेंटरची, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयातली, ठरलेली भेट चुकली तर भत्ता कापला जाऊ शकतो, त्यामुळे तालमीला दांडी पडणारच. फोरममध्ये माणूस बदलून भूमिका पुढे चालवणं हा खेळाचाच भाग असल्याने प्रत्येक भूमिका दोघातिघांना येत असते. एक जण आला नाही म्हणून प्रयोग रद्द होत नाही.

जपायचं ते इथे. फोरममध्ये प्रेक्षक उठून पीडिताची जागा घेतो, आणि 'जरा ठामपणे बोलली असती तर मिळाला असता भत्ता' अशा सूचना येऊ लागतात. म्हणजे दोष पुन्हा त्याच बाईच्या पदरात. बोआल अशा फुकाच्या तोडग्यांना जादू म्हणत आणि ती थांबवा असं सांगत. ते काम जोकरचं, म्हणजे फोरम चालवणाऱ्या सूत्रधाराचं, त्यामुळे अनुभवी जोकर मिळत नसेल तर फोरमच्या वाटेला जाऊ नये असं मी सुचवीन. लंडनमधली कार्डबोर्ड सिटिझन्स ही संस्था १९९१ पासून बेघरपणाचा अनुभव असलेल्या लोकांबरोबर हे काम करत आली आहे. तिचे संस्थापक एड्रियन जॅक्सन यांनी बोआल यांची पुस्तकं इंग्रजीत आणली. शिकायचं तर अशांकडून. आणि प्रेक्षकांत भत्त्यांचे निर्णय घेणारी चार माणसं बसवता आली तर जरूर बसवा. बोआल स्वतः १९९३ ते १९९६ रिओ द जानेरोच्या नगरपरिषदेत होते, आणि प्रेक्षकांच्या सूचनांतून निघालेले १३ कायदे त्या काळात मंजूर झाले. सूचना कुठे पोहोचणार आहे हे दिसलं, की लोक जादू सोडून कामाचं बोलतात.

ओळख लपवण्याची गरज असलेले एकदोघेच असतील, तर त्यांच्यासाठी अख्खा प्रकार बदलू नका. त्यांना तालमीत बसवा, प्रसंग रचायला, चुका काढायला. त्यांनी सांगितलेली चूक दुसऱ्याने रंगमंचावर दुरुस्त करावी. मानधन त्यांनाही तेवढंच.