वरून नवा रंग, खाली जुनं चेसिस: कस्टम रेल्वे मॉडेल मागवणाऱ्यांनी हे वाचाच

वणी तालुक्यात पोचलेल्या एका पार्सलची ही हकीकत. विकणारा ऑनलाइन, स्वतःला 'कस्टम बिल्डर' म्हणवणारा. ऑर्डर होती एचओ स्केलच्या, म्हणजे १:८७ मापाच्या, कोळशाच्या मालगाडीची: एक डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन, दहा बॉक्सएन वाघिणी आणि सीनरीचं सामान. ठरले ४२ हजार. २५ हजार आगाऊ, बाकीचे माल निघायच्या आधी, आणि सगळे यूपीआयने एका खासगी खात्यावर. पैसे पूर्ण गेले आणि आला तो भलताच माल. यातली जवळजवळ प्रत्येक लबाडी पैसे देण्याआधी पकडता येते, म्हणून काय काय निघालं ते खोलात लिहितो आहोत.

आधी मोजपट्टी लावा. खरं डब्ल्यूडीएम-२ बफरपासून बफरपर्यंत १७.१२ मीटर. ८७ ने भागलं की १९७ मि.मी. येतात. आलेलं इंजिन १८० मि.मी. भरलं. सतरा मि.मी. गेले कुठे, ते इंजिन उलटं केल्यावर कळलं. डब्ल्यूडीएम-२ ला दोन बोगी (चाकांच्या चौकटी), प्रत्येक बोगीत तीन धुऱ्या (ॲक्सल), आणि त्या तिघींमधलं अंतरही सारखं नसतं. इथे बोगीच्या बाहेरच्या पट्टीवर तीन ॲक्सलबॉक्स छान रंगवून चिकटवले होते, पण आत धुऱ्या दोनच. एखाद्या स्वस्त, चार धुऱ्यांच्या परदेशी इंजिनाचं वापरलेलं चेसिस घेतलं आणि त्यावर बसावी म्हणून बॉडीच आखूड केली. रुळावर चालवलं की ठराविक अंतराने 'खट' असा आवाज येत होता. धुरीवरचा प्लॅस्टिक गिअर तडकला की दात फाकतात आणि धुरीच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा अडकतात. नव्या इंजिनात हा आवाज येत नाही.

बॉडी 'इंजेक्शन मोल्ड, इम्पोर्टेड', म्हणजे साच्यातून काढलेली परदेशी, म्हणून सांगितली होती. बाहेरून गुळगुळीत, कारण पुट्टी आणि प्रायमरचा जाड थर. स्क्रू काढून आतून बघितलं तर थ्रीडी प्रिंटच्या आडव्या रेषा जशाच्या तशा. आतून घासायची तसदी कोणी घेत नाही, म्हणून बॉडीचा खरा दाखला आतच सापडतो. थ्रीडी प्रिंट वाईट असतं असं मुळीच नाही. रेझिनमध्ये काढलेली सुंदर मॉडेल्स मिळतात. पण ही होती पीएलए नावाच्या प्लॅस्टिकची. पीएलए ६० अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या गोदामात किंवा बंद गाडीत पडलेल्या पार्सलचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. छत मधोमध दबलेलं होतं. विदर्भात माल मागवताना बॉडी कशाची आहे हे लेखी विचारा. पीएलए म्हटलं तर उन्हाळ्यात मागवूच नका.

डीसीसी म्हणजे रुळातून डिजिटल आदेश देऊन इंजिन चालवायची पद्धत; ते आदेश वाचणारा इंजिनातला छोटा सर्किट बोर्ड म्हणजे डिकोडर. तो बसवल्याचे वेगळे साडेचार हजार घेतले होते. आठ पिनांच्या सॉकेटमध्ये निघाला तो नुसता ब्लँकिंग प्लग, साध्या डीसीवर इंजिन चालावं म्हणून कंपनी फुकट लावून देते तो. असं इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवलं की जागच्या जागी गुणगुणतं आणि मोटर तापते. तसंच राहू दिलं तर जळते. विकणाऱ्याकडून प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडरच्या नोंदी वाचायच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही ८ ही नोंद वाचतानाचा व्हिडिओ मागा. त्यात डिकोडर बनवणाऱ्याचा क्रमांक येतो. डिकोडर नसेल तर वाचायला काहीच नाही.

रंगकामातही अज्ञान उघडं पडलं. इंजिनाच्या बाजूला 'अजनी' शेडचं नाव होतं. अजनीचं शेड इलेक्ट्रिक इंजिनांचं, तिथे डब्ल्यूडीएम-२ कुठून येणार? वाघिणींचा नंबर अकरा आकडी असतो: पहिले दोन प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळणीचा. दहाच्या दहा वाघिणींवर एकच नंबर छापलेला होता. अक्षरं वॉटरस्लाइड डिकलची (पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ छाप्यांची) नव्हती, साधे प्रिंटरचे स्टिकर कापून लावलेले. कडा नखाने उचलल्या जात होत्या.

वजनकाटा मात्र जवळ पाहिजेच. सोनाराचा नको, स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा पुरे. एनएमआरए या अमेरिकेतल्या रेल्वे मॉडेल संघटनेची शिफारस अशी: डब्याला मूळ एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. बॉक्सएन कपलरपासून कपलरपर्यंत १०.७१ मीटर, म्हणजे मॉडेल १२३ मि.मी., पावणेपाच इंचांहून थोडं जास्त. हिशेबाने वजन ९७ ग्रॅम हवं. आलेल्या वाघिणी ३८ ग्रॅमच्या, आत काळा रंग दिलेला स्पंज. इतकी हलकी वाघीण सांध्यावर उडते, आणि रेक वळणावर ओढला की मधल्या वाघिणी आतल्या बाजूला लवंडतात.

सीनरीतली फसवणूक आपल्या भागात सगळ्यात जास्त झोंबणारी. 'जर्मन बॅलास्ट' (रुळाखाली पसरायची गिट्टी) म्हणून २०० ग्रॅमची चार पाकिटं, साडेतीनशे रुपयांना एक. पाकिटात चुंबक फिरवला तर काळ्या कणांची दाढीच आली. ती होती क्रशरची चुरी, म्हणजे आपल्याच काळ्या दगडाची, जी खाणीवर नुसती मागितली तरी मूठभर कोणीही देईल. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. इंजिन वरून गेलं की मोटरचा चुंबक ते कण वर ओढतो आणि ते गिअरमध्ये जाऊन बसतात. चुरी वापरायला हरकत नाही, पण आधी धुवा, वाळवा, कागदात गुंडाळलेला चुंबक तिच्यात फिरवत राहा आणि कण चिकटायचे थांबले की मगच घ्या. चाळणीचं मापही बघा: खऱ्या गिट्टीचा मोठा खडा ६५ मि.मी.चा, म्हणून एचओला पाऊण मि.मी.हून मोठा कण शोभत नाही. पाकिटातले निम्मे खडे दोन मि.मी.चे होते.

मूर्तिजापूर, दारव्हा, अचलपूरकडच्या लोकांना हेच विकणारे तिकडची नॅरोगेज गाडी 'शकुंतला' दाखवून गळ टाकतात. तिथे दोन प्रश्न पुरतात. रूळ किती मि.मी.चा? शकुंतलेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मि.मी., म्हणजे एचओत पावणेनऊ; त्यासाठी ९ मि.मी.चा रूळ वापरतात. १६.५ सांगितलं तर ती शकुंतला नाही. आणि साल कोणतं? वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत होतं, त्यामुळे '१९८५ ची डिझेल शकुंतला' कोणी देत असेल तर फोन ठेवा. ब्रॉडगेजच्या बाबतीत उलट एक खोटं चालतं. १६७६ मि.मी.चा गेज एचओत १९.३ मि.मी. येतो, बाजारातली भारतीय मॉडेल्स १६.५ च्या रुळावर चालतात आणि प्रामाणिक बनवणारा ते आधीच सांगतो. '१६.५ वर हुबेहूब ब्रॉडगेज' म्हणणारा खोटं बोलतो.

आता डाव कसा खेळला जातो ते. फोटो मागितले की उत्तर यायचं, "रंग सुकून राह्यला भाऊ, झाला की टाकतो." फोटो आले ते रंग झाल्यावरचे, समोरून आणि थोडे वरून. पुट्टी, आखूड बॉडी, दोन धुऱ्या, सगळं रंगाखाली आणि पोटाखाली लपतं. म्हणून आगाऊ रक्कम तीस टक्क्यांच्या वर देऊ नका, आणि दुसरा हप्ता तीन गोष्टी आल्यावरच: रंग देण्याआधीची बॉडी शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, चेसिस उलटं करून, आणि इंजिन अगदी हळू चालतानाचा आवाजासकट व्हिडिओ. तिन्हीत त्या दिवशीची तारीख लिहिलेला कागद दिसला पाहिजे. खरा कारागीर हे आनंदाने देतो, कारण त्याला आपलं काम दाखवायचंच असतं.

खेड्यात कुरिअर घरी येत नाही, तालुक्याला जाऊन सही करून आणावं लागतं. तिथल्या काउंटरवरच डबा फोडा आणि लेबलपासून शेवटच्या वाघिणीपर्यंत सलग व्हिडिओ काढा. मधे कापलेला व्हिडिओ असला की 'तुम्हीच बदललं' म्हणायला जागा मिळते.

पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. रक्कम त्या खात्यातून पुढे सरकायच्या आत थांबवण्याची संधी तेव्हाच असते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, विकणाऱ्याच्या गावी जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. चॅट खोडू नका, 'इम्पोर्टेड' आणि 'डिकोडर बसवला' हे त्याच्याच शब्दांत लिहिलेलं तिथे कामी येतं.

तक्रार चालू असेपर्यंत मालाला हात लावू नका, तो पुरावा आहे. ती मिटली की वाघिणी वाचवता येतात. टायरवाल्याकडे चाकाच्या बॅलन्सिंगची चिकटणारी वजनं मिळतात. दहा ग्रॅमचे सहा तुकडे वाघिणीच्या तळाला मधोमध लावले की ३८ चे ९८ होतात. स्पंज फेकून त्यावर पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर खरा कोळसा कुटून, चाळून, पसरायचा; मग एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून ते मिश्रण त्यावर ड्रॉपरने सोडायचं. पूर्ण वाळायला एक अख्खी रात्र द्या, नाहीतर ओल्या वजनाने पुठ्ठा वाकतो.