नवा स्टिअरिंग रॅक म्हणून माझाच जुना रॅक

गणपतीत दहा दिवस आपल्या शेजारी उभं राहून आरती म्हणणारा माणूस आपल्याला फसवेल असं मनातही येत नाही. आम्ही इंदूरचे, लोकमान्य नगरातले. गॅरेजवाला ओळखीचा, मराठी, मला दादा म्हणणारा. इथेच मी चुकलो. परक्याला विचारले असते ते प्रश्न त्याला विचारलेच नाहीत.

माझी महिंद्राची थार जीप २०२१ची. चोरलच्या बाजूला दगडांतून नेतो म्हणून ३३ इंची टायर घातले होते. कंपनीचे साधारण ३१चे असतात. फरक दोनच इंचांचा वाटतो, पण चाक जड होतं, आणि वळवलेलं चाक दगडावर आपटलं की तो धक्का टाय रॉडमधून, म्हणजे चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या सळईतून, थेट स्टिअरिंग रॅकच्या दांड्यावर जातो. स्टिअरिंग फिरवलं की डावीउजवीकडे सरकून चाकं वळवतो तो हा दांडा. एकदा खालून दगड लागला आणि रॅकच्या हाउसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, बोटाच्या पेराएवढा ओरखडा पडला. मी तेव्हाच त्याचा फोटो काढून ठेवला होता. पुढे स्टिअरिंग थोडं ढिलं वाटायला लागलं.

गॅरेजवाल्याने सांगितलं, "दादा, कंपनीचा रॅक या टायरांना पुरणार नाही. जाड दांड्याचा बनवून घेऊ, ईएन-२४ या मजबूत मिश्र पोलादाचा. टाय रॉडही अखंड सळईतून लेथवर काढलेले." मोबाईलवर एक फोटो दाखवला. ४२,००० रुपये ठरले. ३०,००० यूपीआयने दिले, बाकी रोख. "बिल घेतलं तर जीएसटी लागेल दादा, कशाला उगाच?" यावर मी मान डोलावली. जुना रॅक एक्स्चेंजमध्ये जाईल, म्हणजे परत मिळणार नाही, हेही मान्य केलं.

अकरा दिवसांनी गाडी मिळाली. खाली वाकून पाहिलं तर सगळं काळंभोर, चकचकीत. स्टिअरिंग जड लागत होतं, वळणानंतर चाक आपणहून सरळ होत नव्हतं. तो म्हणाला, नवा आहे, मोकळा होईल. मला ते जडपण मजबुतीचं वाटलं. खरं तर रॅकला मागून एक ॲडजस्टर, म्हणजे आवळायचा स्क्रू, असतो. तो गरजेपेक्षा जास्त आवळला की ढिलेपणा लपतो आणि स्टिअरिंग नेमकं असंच वागतं.

तिसऱ्या आठवड्यात नदीच्या पात्रात, पायी चालण्याच्या वेगाने एका दगडावर चढत होतो. कट्ट असा आवाज आला आणि स्टिअरिंग हातात हलकं झालं. उतरून बघतो तर उजवं चाक एकीकडे, डावं दुसरीकडे. टाय रॉड तुटला होता. दोनच दिवस आधी मुलीला शेजारी बसवून मी ओंकारेश्वरला गेलो होतो, भेरूघाट उतरून. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

गाडी टोचन करून आणली. माझे मामा चाळीस वर्षं लेथवर काम केलेले. त्यांनी तुटलेला टाय रॉड व्हाइसमध्ये धरला आणि हेक्सा ब्लेडने मधोमध कापला. कापलेलं तोंड माझ्यासमोर धरलं. बाहेर पाइपची कडी, मग केसभर फट, आत कंपनीची बारीक सळई. बोटात सैल अंगठी असावी तशी. पाइप सरकवून दोन्ही टोकांना वेल्डिंग केलं होतं, वरून ग्राइंडर मारून रंग दिला होता. मामा म्हणाले, "अरे, वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद ठिसूळ होतं. बघ, तिथेच तडकलंय. स्टिअरिंगच्या भागाला कुणी वेल्डिंग करतं का?"

मग त्यांनी रॅकवर थिनरचा बोळा फिरवला. काळा रंग उतरला आणि खालून तोच ओरखडा निघाला. फोटो शेजारी धरला. तोच. ४२,००० रुपयांत माझाच रॅक मला रंगवून परत बसवला होता.

गॅरेजवाल्याचं उत्तर एकच: "ऑफरोडिंगला वॉरंटी नसते." मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बिल नसल्याचा त्रास आता कळतोय. हाताशी आहेत ते यूपीआयचे पैसे, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि मामांनी कापलेले दोन तुकडे.

असं काम करून घेणार असाल तर गाडी देण्याआधी रॅकवर लोखंडी पंच ठोकून आपली खूण करा, फोटो काढा. जुना भाग परत घ्याच, भंगारात विकायचा असला तरी. नवा भाग बसवण्याआधी, रंग देण्याआधी, स्वतः हातात घेऊन पाहा. बिलावर पोलादाचा प्रकार लिहून घ्या. टाय रॉडवर कुठेही वेल्डिंगचा सांधा दिसला तर गाडी चालवत घरी आणू नका.

याच माणसाकडून हेच काम करून घेतलेले आणखी दोघे मला माहीत होते. दोघांनाही त्याच रात्री फोन केला. एकाने सकाळी रंग खरवडला, खाली वेल्डिंग निघालं. दुसरा म्हणाला, "अरे, माझी मस्त चाललीय," आणि रविवारी मुलाबाळांना घेऊन मांडूला जाऊन आला. मी अजून त्याला रोज फोन करतो.