आउट ऑफ द पार्क बेसबॉल – बरेच महिने खेळल्यावर, खास करून रिटायरमेंटबद्दल

बरेच महिने खेळतोय, आता लिहायला हरकत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा कॉम्प्युटरवरचा बेसबॉल गेम आहे, यात बॅट फिरवायची नसते, आपण टीमचे जनरल मॅनेजर असतो, 1871 पासूनचा कुठलाही सीझन घ्यायचा आणि तिथून लीग पुढे न्यायची, खरे प्लेयर आपापल्या वर्षी येत राहतात. मी 1960 पासून डॉजर्स ही टीम घेतली.

सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग म्हणजे प्लेयर इतिहासाप्रमाणे रिटायर व्हायचे की नाही. मी ते बंद ठेवलं, कारण डॉजर्सचा पिचर (बॉल टाकणारा) सॅंडी कोफॅक्स. खऱ्या आयुष्यात 1966 ला त्याने 27 मॅच जिंकल्या, ईआरए 1.73, म्हणजे नऊ इनिंगमागे दोन रनसुद्धा नाहीत, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये कोपराच्या संधिवातामुळे 30 व्या वर्षी सोडलं. माझ्या लीगमध्ये तो खेळत राहिला. सुरुवातीला भारी वाटलं, मग वेग कमी झाला, दुखापती सुरू झाल्या, स्काउटिंग रिपोर्ट दरवर्षी थोडा खाली, आणि शेवटी त्याला रोटेशनमधून (मॅच सुरू करणाऱ्या पिचरांच्या पाळीतून) काढायचा निर्णय मलाच घ्यायचा होता, तो क्लिक करायला मला फार जड गेलं खरंच. टॉपवर असताना थांबण्यात काय असतं ते तेव्हा कळलं.

यांकीजचा बॅटर मिकी मँटल, त्याचं उलटं झालं. खरा मँटल 1968 पर्यंत ताणत राहिला, शेवटच्या सीझनला बॅटिंग ॲव्हरेज .237 (म्हणजे हजार ॲट-बॅटमध्ये, बॅटिंगच्या संधींमध्ये, 237 हिट), आणि त्यामुळे करिअर ॲव्हरेज .298 वर आलं, एक वर्ष आधी सोडलं असतं तर .300 च्या वर राहिलं असतं, याची त्याला स्वतःला खंत होती. माझ्याकडे तो लवकर गेला आणि .300 च्या वर राहिला. यांकीज माझी टीम नाही तरी मला त्याच्यासाठी बरं वाटलं!

बोस्टन रेड सॉक्सचा बॅटर टेड विल्यम्स, त्याच्या वेळी मात्र काहीच झालं नाही. खरं तर 28 सप्टेंबर 1960 ला बोस्टनच्या फेनवे मैदानावर शेवटच्या ॲट-बॅटला त्याने होमरन मारला होता, करिअरमधला 521 वा. इथे तो शेवटच्या मॅचला बेंचवरच, आणि सीझन संपल्यावर बातम्यांत दोन ओळी. पण मला हेच पटतं, बहुतेकांचं असंच होतं.

आणि पायरेट्स टीमचा रॉबर्टो क्लेमेंटे. 1972 च्या 31 डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान पडलं आणि तो गेला, नावावर बरोबर 3000 हिट. माझ्या लीगमध्ये 1973 च्या ओपनिंग डेला पायरेट्सच्या लाइनअपमध्ये त्याचं नाव होतं, राइट फील्ड. मी सिम (आपोआप पुढे जाणारा खेळ) थांबवून ती मॅच बॉल-बाय-बॉल बघितली, 3001 वा हिट कधी येतो याच्यासाठी.

शिकायला वेळ लागतो, स्क्रीन खूप आहेत, घाई करू नका. हिस्टॉरिकल लीग करणार असाल तर ते सेटिंग सुरुवातीलाच ठरवा आणि एक वर्ष एका दिवसात संपवू नका, नाहीतर कोण कधी रिटायर झालं ते लक्षातही येणार नाही.