फुकटच्या व्हर्च्युअलबॉक्सपायी गेले २५,२६७ रुपये ८२ पैसे

रक्कम पैशांसकट लिहितोय, कारण फसवणुकीची तक्रार द्यायला गेलो तेव्हा पोलीस ठाण्यातल्या अर्जावर ‘अंदाजे पंचवीस हजार’ असं लिहून घेतलं आणि पुढे बँकेने त्याच ‘अंदाजे’वर बोट ठेवलं. हिशोब असा: खोट्या साइटवर ‘होम लायसन्स’चे १,४९९ अधिक १८ टक्के जीएसटी २६९.८२, म्हणजे १,७६८.८२. मग ४,९९९. मग १८,५००.

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारं ओरॅकल कंपनीचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे. मूळ पॅकेज जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली येतं, घरी वापरा नाहीतर ऑफिसात. जादा सोयींचा एक्स्टेन्शन पॅक वेगळा, पण वैयक्तिक वापराला तोही फुकट. त्याच कामाचं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोसुद्धा नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे. ‘होम लायसन्स’ नावाची वस्तूच नाही. मला हे ठाऊक होतं, तरी पैसे भरले. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यावर परवान्यांची जी उलथापालथ झाली ती डोक्यात होती. वाटलं, ओरॅकलनेही आता दर लावला असेल. शोधात सगळ्यात वर हुबेहूब खऱ्यासारखी साइट, तोच लोगो, तोच रंग. वर ‘जाहिरात’ असं बारीक अक्षरात होतं, ते कोण वाचतं? वाचा. पत्ता स्वतः टाइप करा: व्हर्च्युअलबॉक्स डॉट ऑर्ग.

पावतीवर जीएसटी कापला होता, पण पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक कुठेच नव्हता. उतरवलेली फाइल ४ एमबीची. खरा इन्स्टॉलर शंभर एमबीच्या पुढे असतो. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर बघायचं, तिथे ओरॅकलचं नाव असलंच पाहिजे. नसेल तर फाइल तिथेच डिलीट करा. त्या ४ एमबीच्या फाइलने मागून खरा व्हर्च्युअलबॉक्सच आणून बसवला, म्हणून शंका आली नाही. शेवटच्या खिडकीत ‘सपोर्ट’चा मोबाइल नंबर होता.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटूचं (लिनक्सचा एक प्रकार) मशीन बनवलं: ४ जीबी रॅम, २ कोअर, २५ जीबी डिस्क. स्टार्ट केलं की एरर, व्हीटी-एक्स (प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद आहे. एरर अक्षरशः खरं कारण सांगत होता. मी मात्र त्या नंबरवर फोन लावला.

आता तो क्षण, जो आठवला की अजून अंग तापतं. फोनवरच्या माणसाने माझा संगणक दुरून चालवणारं रिमोट अ‍ॅप टाकायला लावलं, टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेला आणि खाली ‘व्हर्च्युअलायझेशन: डिसेबल्ड’ या ओळीवर माउस फिरवत म्हणाला, “बघा सर, तुमचं लायसन्स ब्लॉक झालंय.” ती ओळ विंडोजची आहे, तिचा कुठल्याही लायसन्सशी काडीचा संबंध नाही. मग म्हणाला रीस्टार्ट करा. रीस्टार्टबरोबर रिमोट तुटलं. पुढचं सगळं फोनवर. एफ२ दाबत राहा, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जा, ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ शोधा, एनेबल्ड करा, एफ१० दाबून सेव्ह करा. (एएमडीवर हेच ‘एसव्हीएम मोड’ नावाने असतं, बायोसची की कंपनीगणिक बदलते.) ते बटण मी माझ्या हाताने फिरवलं! ते मदरबोर्डवर पहिल्यापासून असतं, त्याला एक रुपया लागत नाही. पण परत आल्यावर ‘एनेबल्ड’ दिसलं, उबंटू सुरू झालं, आणि काम केलंय म्हणून मी ‘अ‍ॅक्टिव्हेशन’चे ४,९९९ पाठवले.

लगेच म्हणाला, प्रीमियम घेतलंत तर आधीचे १,७६८.८२ परत मिळतील. क्यूआर स्कॅन करा आणि चौकटीत ‘रिफंड कोड’ १८५०० टाका. ती चौकट रकमेची होती. पैसे यायला पिन कधीही लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. हे मी घरच्यांना कैकदा सांगितलंय. पण चाळीस मिनिटं फोन कानाला, समोर काम झालेलं दिसतंय. अशा वेळी कोणाचंही भान सुटेल.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या तासात फोन करा, व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा. मी आधी बँकेकडे धावलो, तिथे दोन तास गेले. बँकेचं एकच पालुपद: पिन तुम्हीच टाकलात. मान्य. पण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात म्हटलं होतं की अनधिकृत व्यवहार ग्राहकाने कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणून लेखी पोच, तारीख आणि वेळेसकट, हवीच होती. ती द्यायला चार दिवस लावले. ठाण्यात गेलो तर म्हणे सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, हद्द तुमच्या ठाण्याची. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ हद्द न बघता तक्रार नोंदवायला सांगतं. ते दाखवलं तर “साहेब आल्यावर बघू”. लेखनिकाने विचारलं, मशीन घरी आलं का? व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते दोनदा समजावलं. अर्जावर शेवटी लिहिलं: ‘ऑनलाइन मशीन खरेदीत फसवणूक’. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६डी (संगणक वापरून तोतयेगिरीने फसवणूक) मी हाताने जोडायला लावलं. आपला अर्ज आपण घरून छापून न्या.

रिमोट अ‍ॅप नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. नेट तोडा, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, विंडोज नव्याने टाका. आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसून मशीन रखडत असेल, तर हायपर-व्ही, म्हणजे विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय, आड येतंय. विंडोजच्या फीचर्समधून आणि मेमरी इंटिग्रिटीमधून ते बंद करता येतं. त्यासाठीही कोणाला फोन करू नका.

बँकेचं नकाराचं पत्र आल्यावर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे. ती जाहिरात काल रात्री पुन्हा पहिल्या जागी होती. दर आता १,९९९.