डायलिसिस आणि रक्त पातळ करणारी गोळी: वॉर्फरिन की अॅपिक्साबान?

डायलिसिसवरच्या रुग्णाला एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडून आत गुठळी होण्याचा आजार) निघालं की गोळीचा प्रश्न येतो. रक्तात साचलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आधीच धड काम करत नाहीत, त्यात मशीनवर हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, मिळतं. गुठळीची भीती आणि रक्तस्रावाचीही.

वॉर्फरिन किंवा त्याच जातीचं असिट्रोम स्वस्त पडतं, पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप; जितका जास्त तितकं रक्त पातळ) 2 ते 3 मध्ये टिकवणं कठीण. भूक रोज वेगळी, अधूनमधून अँटिबायोटिक. मेट्रोनिडॅझोल किंवा कोट्रायमॉक्सॅझोल सुरू झालं की आयएनआर चढतो. अशा वेळी तीन-चार दिवसांतच तपासून घ्यावा. खरी धास्ती वेगळीच. वॉर्फरिन व्हिटॅमिन के अडवतं आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचू न देणारं प्रथिन त्याच जीवनसत्त्वावर चालतं. मांडीवर, पोटावर जांभळट, फार दुखणारे चट्टे आले तर कॅल्सिफिलॅक्सिसची (कॅल्शियम साचून त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होण्याची) शंका घ्या. जखमा काळ्या पडेपर्यंत थांबू नका.

अॅपिक्साबान मूत्रपिंडावाटे साधारण 27 टक्केच बाहेर पडतं आणि मशीनही ते फारसं काढत नाही. आयएनआर लागत नाही. वाद आहे डोसचा. अमेरिकी लेबल 5 मिग्रॅ दिवसातून दोनदा सांगतं. वय 80 किंवा त्याहून जास्त, किंवा वजन 60 किलोपर्यंत असेल तर 2.5 मिग्रॅ दोनदा. बरेच नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडतज्ज्ञ) सर्वांनाच 2.5 देतात, कारण डायलिसिसमध्ये तेवढ्यानेच रक्तातली पातळी निरोगी मूत्रपिंडवाल्याच्या 5 इतकी होते. पुरावा मात्र तोकडा: जर्मनीतल्या अॅक्साडिया चाचणीत जेमतेम 97 रुग्ण होते आणि वॉर्फरिनच्याच कुळातल्या औषधाशी तुलना करता रक्तस्रावात ठळक फरक दिसला नाही.

तरी आमचा कल अॅपिक्साबानकडे. अपवाद पक्का: धातूची झडप किंवा संधिवाती तापाने बरीच अरुंद झालेली मायट्रल झडप असेल तर वॉर्फरिनच. अॅपिक्साबानसारखंच नव्या पिढीचं डॅबिगॅट्रान सुमारे 80 टक्के मूत्रपिंडावाटे जातं, तेव्हा ते नकोच.

कुठलीही गोळी असो, टेक्निशियनला सांगा, म्हणजे हेपरिन कमी करायचं का हे डॉक्टर ठरवतील. सुई काढल्यावर 10-15 मिनिटं दाबूनही दर वेळी रक्त थांबत नसेल, तर फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी) पुढे अरुंद झालाय का ते डॉपलरने (रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीने) बघा. दोष बहुधा गोळीवर ढकलला जातो.

डांबरासारखी शौच किंवा अचानक तीव्र डोकेदुखी झाली तर थेट कॅज्युअल्टी गाठा आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते सांगा. वॉर्फरिनवर उतारा म्हणून व्हिटॅमिन के चालतं. अॅपिक्साबानचा खास उतारा सहसा हाताशी नसतो, म्हणून ती वेळ महत्त्वाची.