डेमो पीस सांगून जुनं सेल काउंटर गळ्यात मारलं, लॅबवाल्यांनो वाचा

गोव्यात डिचोलीला माझी छोटी लॅब आहे, मी आणि एक टेक्निशियन मुलगी, एवढाच स्टाफ. जूनमध्ये जुन्या सेल काउंटरचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या मशीनचा, बोर्ड गेला. पाऊस लागला की इकडे तापाचे पेशंट वाढतात, डेंग्यूचा संशय आला की डॉक्टर रोज सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लिहून देतात, म्हणजे मशीन तातडीनं हवंच होतं आणि नवीन थ्री पार्टचं (पांढऱ्या पेशी तीन गटांत मोजणाऱ्या मशीनचं) कोटेशन साडेतीन लाखांच्या वर. तेवढ्यात गोव्याबाहेरच्या एका डीलरचा फोन आला, एक्झिबिशनमधला डेमो पीस आहे, 1 लाख 70 हजारात देतो, वर्षाची वॉरंटी. 90 हजार ॲडव्हान्स मागितला तो फर्मच्या नाही, कुणाच्या तरी पर्सनल अकाउंटवर, आणि मी पाठवला. तिथेच थांबायला हवं होतं.

मशीन आलं, सोबत एक इंजिनिअर. रोज सकाळी रक्त न घालता नुसतं डायल्यूएंट, म्हणजे रक्त पातळ करायचं द्रावण, चालवून बॅकग्राउंड बघतात, त्यात प्लेटलेटचा आकडा 10 हजारांच्या आत यायला पाहिजे. आमच्याकडे कधी 40 कधी 60 हजार. तो म्हणाला सर, चार दिवस चाललं की बसेल, आणि उरलेले 80 हजार घेऊन गेला.

हे का भयंकर आहे ते सांगतो. ही मशीन अजून कूल्टर तत्त्वावरच चालतात, 1953 साली पेटंट मिळालेलं. एका बारीक भोकातून पेशी जाते, विजेला अडथळा होतो, तो अडथळा मोजला जातो. अडथळा प्लेटलेटचा की ट्यूबमधल्या कचऱ्याचा, हे साध्या मशीनला कळत नाही.

तिसऱ्या दिवशी साखळी गावचा एक मुलगा आला, चौदा-पंधरा वर्षांचा, पाच दिवसांचा ताप. आदल्या दिवशी दुसरीकडे प्लेटलेट 70 हजार होत्या, आमच्या मशीनवर 92 हजार. त्याची आई म्हणाली, वाढल्या ना, देव पावला. मला मात्र पोराचा चेहरा बघून बरं वाटेना, म्हणून स्मिअर केला, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून मायक्रोस्कोपखाली बघितला. ऑइल लेन्सखाली दहा फील्ड मोजली, सरासरी अडीच प्लेटलेट, 15 हजारांनी गुणलं तर 40 हजारांच्या आतच येतात! सॅम्पल ताबडतोब ओळखीच्या लॅबला पाठवलं, तिथे 41 हजार. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी ॲडमिट केलं, आता बरा आहे. पण तो 92 चा रिपोर्ट प्रिंट होऊन टेबलावर पडला होता हो, हातात द्यायचाच बाकी होता.

त्या तीन दिवसांतल्या सगळ्या पेशंटना फोन करून बोलावलं आणि दुसरीकडून फुकट टेस्ट करून दिल्या.

मग मशीन नीट बघितलं. मागची सीरियल नंबरची प्लेट नखानं उचलली तर खाली दुसरी प्लेट, नंबर वेगळा. डायल्यूएंटच्या नळीच्या तोंडाशी पांढरं मीठ धरलेलं, स्क्रूंची डोकी झिजलेली. आमच्या जुन्या सर्व्हिसवाल्याला बोलावलं, त्यानं सर्व्हिस मेनू उघडला तर 38 हजारांहून जास्त टेस्ट झालेल्या. असला कुठला डेमो पीस? डीलर दोन दिवस रीएजंट (मशीनला लागणारी रसायनं) बदला, रीएजंट बदला करत राहिला, मग फोन बंद. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तर रजिस्ट्रेशन कधीच कॅन्सल झालेलं, हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि मी ती पैसे गेल्यावर घालवली.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीय, पोलिसांतही दिलीय. वकील म्हणतात पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेलं मशीन असेल तर ग्राहक आयोगातही जाता येतं, ते पेपर चवथीच्या आधी घालतोय. मशीन घेताना इंजिनिअरसमोर तीन वेळा बॅकग्राउंड काढा, लो कंट्रोल (आकडे आधीच माहीत असलेलं, कमी पेशींचं तयार सॅम्पल) लावा, तुमच्याच एका सॅम्पलचा स्मिअर बघा, सर्व्हिस मेनूतला टेस्ट काउंट दाखवायला लावा. तो घाई करायला लागला तर मशीन परत गाडीत चढवायला सांगा. वरची खोटी प्लेट मी पिशवीत जपून ठेवलीय, कुणाला असाच डेमो पीसचा फोन आला असेल तर मला कळवा, नंबर जुळवून बघू.